वकिलाचे पैसे

मुलगी दहा वर्षांची झाली की आमच्याकडे लोक तिच्या लग्नासाठी पैसे बाजूला काढायला लागतात. हजसाठी साठवतात, दवाखान्यासाठी भिशी लावतात. कोर्टासाठी साठवणारा माणूस मात्र मी अजून पाहिलेला नाही. साठवणार तरी का? आपला कोर्टाशी काय संबंध, अशी प्रत्येकाची खात्री असते. मग एखाद्या रात्री पोलिसांची गाडी गल्लीत येते आणि सकाळपर्यंत घरातल्या बायकांच्या अंगावरचं सोनं मोजून झालेलं असतं.

आमच्या सोलापुरातल्या मोहल्ल्यात 2021 साली हे घडलं. दोन गल्ल्यांतल्या पोरांची मारामारी झाली, त्यात एकोणीस वर्षांचा एक मुलगा गेला. पाच जणांवर 302 लागलं. त्यातला एक आमच्या शेजारच्या खालाचा धाकटा. खाला विड्या वळते. नवरा कधीच वारला, थोरला टॉवेलच्या कारखान्यात. धाकटा भांडणाच्या वेळी तिथे होता का, असला तर त्याने काय केलं, हे मला माहीत नाही. खाला म्हणते, नव्हता. आई दुसरं काय म्हणणार? पण खालाच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवण्यासाठीच तर कोर्ट असतं. आणि ते नीट ठरायचं तर खालाच्या बाजूनेही कोणीतरी नीट बोलणारा लागतो. मुद्दा एवढाच आहे.

पहिल्या आठवड्यात घराबाहेर वकील कमी आणि मध्यस्थच जास्त. 'साहेबांशी ओळख आहे', 'कलम हलकं करून देतो', 'आत जेवण पोचवतो'. या लोकांनी खालाच्या बांगड्यांपैकी दोन खाल्ल्या. उरलेल्या दोन विकून पहिला वकील केला. त्याने वकीलपत्रावर अंगठा घेतला, जामिनाचा अर्ज टाकला, अर्ज फेटाळला गेला, आणि मग साहेब फोन उचलेनात.

या सगळ्यात एक गोष्ट हातातून गेली, ती पैशाने परत येणारी नव्हती. भांडण जिथे झालं तिथल्या किराणा दुकानाला कॅमेरा होता. त्यातलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते जपून ठेवा, असा एक अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यायला हवा होता. पोलिसांनी ते घेतलं नाही आणि आरोपीच्या बाजूने मागणारं कोणी नव्हतं. त्या चित्रणात मुलगा दिसला असता किंवा दिसला नसता. आता ते कोणालाच कळणार नाही.

चांगला वकील म्हणजे मोठ्या आवाजात बोलणारा, असं आपल्याला सिनेमाने शिकवलं आहे. प्रत्यक्षात बचाव म्हणजे बराचसा कागद वाचण्याचा उद्योग. पंचनाम्यावरची वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ जुळते का? पंच खरंच तिथे होता, की पोलीस ठाण्यातच बसून सही केली? मोबाइलचे कॉल रेकॉर्ड, दवाखान्याचे कागद, प्रयोगशाळेचा अहवाल, आणि मग साक्षीदाराची उलटतपासणी. हे सगळं करायला वेळ लागतो आणि वकिलाचा वेळ म्हणजेच फी. सरकारकडे पोलीस आहेत, प्रयोगशाळा आहे, सरकारी वकील आहे, तिजोरी आहे. खालाकडे हजार विड्यांची मजुरी. आरोपपत्राची प्रत कायद्याने आरोपीला फुकट मिळते. पण त्यानंतर दर नव्या वकिलासाठी अख्खा गठ्ठा पुन्हा झेरॉक्स करावा लागतो, तो पैसा कोण देतो?

मोठ्या खटल्यांत हाच हिशेब काही पटींनी वाढतो. 11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, एकशे ऐंशीहून अधिक माणसं गेली. तेरा जणांवर मोक्का लावून खटला चालला. 2015 साली विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. एकटे अब्दुल वाहिद शेख सुटले, तेही नऊ वर्षं आत काढून. ते शाळेत शिक्षक होते, तुरुंगातच कायदा शिकले. उरलेल्या बाराही जणांना 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. त्यांतला एक तोवर नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने गेला होता.

तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. मात्र सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

उच्च न्यायालयात हे अपील कोणी चालवलं ते बघा. ओडिशा उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. मुरलीधर, युग चौधरी, नित्या रामकृष्णन, एस. नागमुथू. या दर्जाचे वकील उभे राहिले, महिनोन्महिने सुनावणी झाली. कबुलीजबाब एकमेकांच्या नकला वाटाव्यात असे आहेत आणि ओळखपरेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता, हे तेव्हा कोर्टाने मान्य केलं. कागद तेच होते. ते त्या नजरेने वाचले जाईपर्यंत एकोणीस वर्षं गेली.

या खटल्याचा भार जमियत उलेमा-ए-महाराष्ट्रच्या कायदा विभागाने उचलला, लोकांच्या देणग्यांतून. 2023 साली वारलेले गुलजार आझमी हा विभाग पाहत. कोणा एका घराची ती ताकद नव्हती. आणि पैसा असला तरी माणूस मिळावा लागतो. शाहिद आझमींनी स्वतः टाडाखाली तुरुंग पाहिला, मग वकील झाले. 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यात त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घातल्या. बत्तीस वर्षांचे होते. 26/11च्या खटल्यात ते फहीम अन्सारीचे वकील होते. तीन महिन्यांनी फहीम निर्दोष सुटला, पुढे सर्वोच्च न्यायालयातही तो निकाल टिकला. गावोगावच्या वकील संघटना अधूनमधून ठराव करतात, 'अमुक आरोपीचं वकीलपत्र कोणी घेऊ नये'. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच सांगितलं आहे. ठराव तरीही होतात.

आपल्या लोकांना वाटतं हे फक्त आपल्याच वाट्याला येतं. तसं नाही. 2022 सालाच्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती आणि त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांचा निकालच लागलेला नाही. त्यांत दलित आहेत, आदिवासी आहेत, पारधी आहेत, आपण आहोत. सगळ्यांत सारखी एकच गोष्ट, खिसा रिकामा.

खालाकडे परत येतो. दुसरा वकील करायला काही उरलं नव्हतं, तेव्हा मी तिला जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात घेऊन गेलो. 1987 च्या कायद्याने जो कोठडीत आहे त्याला मोफत वकील मिळतो, मग त्याचं उत्पन्न कितीही असो. बायकांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींनाही उत्पन्नाची अट नाही. 15100 हा फोन नंबर आहे, तो लिहून ठेवा. खाला वाटेत म्हणाली, "बेटा, फुकट का वकील फुकट जैसाच लडेगा ना?"

तिची शंका चूक नव्हती. अनोखीलाल नावाच्या माणसाला मध्य प्रदेशात फाशी झाली होती. त्याच्या खटल्यात ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि खटला पंधरवड्याच्या आत उरकला. डिसेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि सांगितलं की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात नेमलेला वकील किमान दहा वर्षं वकिली केलेला हवा आणि तयारीसाठी त्याला किमान सात दिवस तरी द्यायला हवेत. सात दिवस! ते सांगायला सर्वोच्च न्यायालय लागलं, यावरून खाली काय चालत असेल ते समजा.

खालाला मिळालेल्या वकीलबाई मात्र कागद वाचणाऱ्या निघाल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, कॅमेरा होता का? आम्ही दोघेही गप्प बसलो.

जामीन शेवटी 2023 साली उच्च न्यायालयातून झाला. कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालं, तेव्हा ते नव्हतं. म्हणून दर तारखेला थोरला सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर मुंबईला जायचा, दुपारी 'बोर्डावर आलंच नाही' ऐकायचा आणि परत यायचा. एक खाडा, एक तिकीट, एक वडापाव. जामीन झाल्यावरही मुलगा तीन आठवडे आतच होता, कारण ऐपतीचा दाखला देऊ शकेल असा जामीनदार मिळेना. गरिबाकडून न झेपणारा जामीन मागू नका, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर 1978 साली लिहून गेले आहेत.

आता ज्याबद्दल लिहायला मला जड जातं ते. मेलेल्या मुलाची अम्मी आमच्याच मोहल्ल्यात राहते. मी खालासोबत कोर्टात जातो हे तिला कळलं, तेव्हा मशिदीबाहेर तिने मला अडवलं. "भाईजान, तुम्ही त्यांना वकील मिळवून दिलात. माझा मुलगा गेला, मला कोणी विचारलं?" मी म्हणालो, सरकारी वकील तुमच्याच बाजूने आहे. ती म्हणाली, त्याला माझ्या मुलाचं नावसुद्धा नीट घेता येत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर मी तिला सांगितलं की फिर्यादीच्या बाजूनेही आपला वकील सरकारी वकिलाला मदत करू शकतो आणि बाई म्हणून तिलाही मोफत वकील मिळू शकतो. ती अर्ज द्यायला आली. तिने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही.

पण तिच्या प्रश्नानंतरही माझं मत बदललं नाही. उलट पक्कं झालं. मालेगावात 8 सप्टेंबर 2006 रोजी स्फोट झाले, मेलेले मुसलमान होते आणि पकडलेले नऊ जणही मुसलमान. त्यांना 2016 साली आरोपमुक्त केलं. मालेगावचा 2008 चा स्फोट, त्यातले सातही आरोपी 31 जुलै 2025 रोजी सुटले. त्या आरोपींबद्दल आपल्यातल्या बहुतेकांचं काय मत आहे हे मला ठाऊक आहे. त्यांनाही वकील मिळाला, मिळायलाच हवा होता. दोन्हीकडे मेलेल्यांच्या घरच्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही. बचाव दुबळा ठेवल्याने ते मिळालं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी लोकलच्या खटल्यातली एकोणीस वर्षं पुन्हा मोजावीत.

या रमजानच्या आधी मोहल्ल्यात बैठक झाली. विषय होता, जकातीतला काही भाग कैद्यांच्या बचावासाठी बाजूला काढावा का. सूरे तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत माना सोडवणं आहे आणि कर्जात बुडालेले आहेत. जुन्या काळी माना सोडवणं म्हणजे गुलाम मुक्त करणं. आजचा कच्चा कैदी त्यात बसतो का, यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. मी मुफ्ती नाही. मौलानांनी सांगितलं, जकातीचं विचारून सांगतो, तोवर सदक्यातून आणि देणगीतून सुरू करा, त्याला अडचण नाही. पहिल्या दिवशी अठ्ठावीस हजार जमले.

मग मागे बसलेल्या एका हाजीसाहेबांनी विचारलं, "आणि उद्या कोणी बलात्काराचा आरोपी आला तर? त्यालाही यातून देणार?" बैठकीत शांतता झाली. मी म्हणालो, वकील द्यायचा. हारतुरे द्यायचे नाहीत, मोर्चा काढायचा नाही, त्या मुलीच्या घरी दबाव टाकायला कोणी जायचं नाही. गेलं तर त्याच दिवशी पैसे बंद. पण वकील द्यायचा. दोघे उठून गेले. हाजीसाहेब बसून राहिले, थोड्या वेळाने म्हणाले, हे शेवटचं वाक्य वहीत लिहून घ्या, दबावाचं. लिहून घेतलं आहे.

खालाच्या मुलाच्या खटल्यात आतापर्यंत चार साक्षीदार तपासून झाले आहेत. पुढची तारीख ईदनंतरची आहे.