डोंगरावरचं बोलणं

सॅक्रामेंटोत ऑगस्ट उजाडला की आमच्या स्वयंपाकघरात फोडणीच्या चरचरीवर ताण करत एक बाई बोलत असते. तिचं नाव मला ठाऊक नाही. सगळे तिला ‘कमिनो’ म्हणतात, कारण ती कमिनो गावातल्या नियंत्रण कक्षात बसते. सिएरा नेवाडाच्या उतारावरचं एल्डोराडो राष्ट्रीय वन हा तिचा इलाखा. दुपारी ती हवामान वाचून दाखवते: आर्द्रता किती, वारा कुठून, माथ्यावर झोत केवढे. मग एकेक बंब, एकेक तुकडी ‘कॉपी’ म्हणून पोच देते. हे बोलणं माझ्यासाठी नाहीच. मायक्रोवेव्हवर ठेवलेल्या माझ्या स्कॅनरला ते ऐकू येतं, एवढंच.

स्कॅनर म्हणजे नुसता कान. भरून ठेवलेल्या फ्रिक्वेन्सी तो एकामागून एक चाळत राहतो आणि कुणी बोलताना सापडलं की तिथे थांबतो. बोलता त्याच्यावरून येत नाही. वनखातं आणि इतर फेडरल जमीनखाती बहुतेक १६२ ते १७४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, आणि जंगलातलं बरंचसं बोलणं अजून साध्या ॲनालॉगवर चालतं. शिखरांवर आवाज पुढे पोचवणारे रिपीटर बसवलेले आहेत. दरीतल्या माणसाने आधी योग्य टोन निवडून आपल्या जवळचा रिपीटर उठवायचा, मग बोलायचं. आगीवर घिरट्या घालणाऱ्या विमानांसाठी १६८.६२५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी देशभर एकच. हे सगळं मला शेजारच्या काकांनी शिकवलं. त्यांची उमर वनखात्याच्याच बंबावर गेली. निवृत्त झाले तरी ते बागेला पाणी घालताना कमरेला स्कॅनर लावतात. बायको कातावते, त्यांना फरक पडत नाही.

मुंबईत मुलुंडला असं यंत्र घरात ठेवायची सोय नव्हती. १९३३च्या वायरलेस कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं बाळगणंसुद्धा गुन्हा ठरवलं होतं. बाबांना मर्फी रेडिओवर आकाशवाणी ऐकायलाही पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरावे लागत. ती भानगड ऐंशीच्या दशकात संपली. २०२३च्या नव्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी लागतेच. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने पोलीस, अग्निशमन वगैरेंचं उघड्यावर चाललेलं बोलणं ऐकायची मुभा स्पष्ट शब्दांत दिली. काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर बंधनं आहेत, ती वेगळी.

नव्यानं आले तेव्हा मला वाटलं, वा, काय मोकळं सरकार आहे! काकांनी हसून १९७०ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी शरदात दक्षिण कॅलिफोर्नियात एकामागून एक वणवे पेटले आणि सोळा माणसं गेली. मदतीला कितीतरी खात्यांचे बंब धावले, पण त्यांचे रेडिओ एकमेकांशी बोलू शकत नव्हते आणि प्रत्येकाचे सांकेतिक शब्द निराळे. त्या फजितीतून ‘फायरस्कोप’ हा प्रकल्प निघाला आणि त्यातून आग हाताळायची एक सामाईक पद्धत आली. त्या पद्धतीतला एक नियम साधा होता: रेडिओवर आकड्यांचे संकेत नकोत, सरळ भाषेत बोला. (हीच पद्धत फिरत फिरत आपल्याकडेही पोचली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१०मध्ये तिच्या धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या.) म्हणजे कमिनोचं बोलणं मला समजतं ते लोकशाहीच्या प्रेमापोटी नव्हे. मोंटानाहून आलेल्या तुकडीला आणि बुलडोझर चालवणाऱ्या कंत्राटदाराला ते समजलं पाहिजे म्हणून. आम्ही नागरिक फुकटचे श्रोते.

पण फुकट मिळतं ते थोडं नसतं. १४ ऑगस्ट २०२१च्या संध्याकाळी ग्रिझली फ्लॅट्स या डोंगरातल्या गावाच्या दक्षिणेला आग लागली. इथे आगीला काही मिनिटांत नाव पडतं, बहुधा जवळच्या रस्त्याचं किंवा ओढ्याचं. हिचं नाव कॅलडोर. पहिले दोन दिवस ती दरीत रेंगाळत होती आणि रेडिओवरचे आवाजही शांत होते. १६च्या रात्री ते आवाज बदलले. कुणी ओरडलं नाही, वाक्यं फक्त आखूड झाली. ग्रिझली फ्लॅट्समधली बहुतेक घरं त्या रात्रीत गेली. ३० ऑगस्टला साउथ लेक टाहो हे अख्खं शहर रिकामं करायला लावलं. शेवटी ही आग २,२१,८३५ एकरांवर थांबली, म्हणजे आपल्या मुंबईतल्या नॅशनल पार्कासारखी आठ पार्कं आणि वर थोडं. १० सप्टेंबरला गणपती बसले तेव्हाही ती धुमसतच होती. बाहेर नारिंगी धूर, आत सगळ्या खिडक्या बंद, एअर प्युरिफायर फुल्ल आणि त्यात आरती. सॅक्रामेंटोतच मॅक्लेलनला अवजड टँकर विमानांचा तळ आहे. लाल रसायनाचे पस्तीस हजार लिटर पोटात घेऊन डीसी-१० उठलं की आधी स्कॅनरवर त्याचा पुकारा आणि मग डोक्यावरून घरघर, असा क्रम असायचा.

मुलुंड कॉलनीत आमच्या गच्चीवरूनही वणवे दिसत. मार्च-एप्रिलच्या रात्री डोंगरावर आगीची तांबडी रेघ सरकायची. तिथे पावसाळ्यात वाढलेलं गवत उन्हाळ्यात वाळून पेटतं, इथे पाऊस हिवाळ्यात आणि आगी उन्हाळ्यापासून थेट नोव्हेंबरपर्यंत. आपली आग जमिनीलगत पाचोळ्यातून चालते, झाडांच्या शेंड्यांवर क्वचितच चढते. विजा पडून इथे हजारो एकर जातात. आपल्याकडे काडी लावणारा हात जवळजवळ नेहमी माणसाचाच. आणि ती विझवणारी वनखात्याची माणसं जाळरेषा काढून, ओल्या डहाळ्यांनी झोडपून, आता ब्लोअर पाठीवर घेऊन उतार चढतात. त्यांच्याकडेही वॉकीटॉकी असते. पण ती माणसं काय बोलतात हे खाली दहा-वीस मजल्यांच्या गॅलऱ्यांतून मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्यांना कधी कळलं नाही. त्या आगींना नावंही नसतात. ३ डिसेंबर २०१८ला गोरेगावच्या बाजूला जंगल जळालं, ते तारखेवरूनच आठवायचं.

कान उघडा असावा म्हणून मी भांडेन, पण ऐकलेल्याचं वाट्टेल ते करावं असं नाही. रेडिओवरची पहिली बातमी अर्धीच असते. ‘घरं धोक्यात’ हे शब्द कानी पडताच ग्रुपवर टाकणारे मराठी बंधू-भगिनी इथेही आहेत, त्यांचा मला वैताग येतो. हेच काम शिस्तीत करणारी ‘वॉच ड्यूटी’ ही विनानफा संस्था २०२१मध्ये जॉन मिल्स यांनी सुरू केली. निवृत्त अग्निशमन जवान, जुने डिस्पॅचर असे लोक स्कॅनर ऐकतात, पडताळतात, मग नकाशावर मांडतात. जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिस पेटलं तेव्हा लाखो लोक त्यांच्याच नकाशावर नजर लावून होते. उलट २०२०च्या राज्य सरकारी पत्रानंतर कॅलिफोर्नियातल्या कितीतरी पोलीस खात्यांनी आपलं बोलणं कुलूपबंद केलं. कारण खासगी माहितीचं रक्षण, जे खोटं नाही. आग मात्र अजून उघडी आहे, कारण तुकड्यांना एकमेकांची गरज आहे. ही गरज संपवणारं एखादं तंत्र आलं, तर आमचं फुकटचं ऐकणंही संपेल, याबद्दल काकांना शंका नाही.

आपल्याकडे कान बंद असला तरी डोळा उघडा आहे, हे मला उशिरा कळलं. देहरादूनचा भारतीय वन सर्वेक्षण विभाग उपग्रहांनी टिपलेल्या आगींचे इशारे एसएमएसने पाठवतो, आणि त्यासाठी कुणीही नाव नोंदवू शकतं. उपग्रहही अमेरिकेचेच; एक ठिपका साधारण पावणेचारशे मीटरचा. मी मुलुंडच्या दादाला नोंदणी करायला लावली. गेल्या उन्हाळ्यात इशारा यायच्या आधीच त्याला गॅलरीतून धूर दिसला, म्हणून त्याने वनखात्याच्या १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, “नक्की कुठे?” दादा म्हणाला, “योगी हिल्सच्या मागे, वर, टॉवरच्या डाव्या हाताला.” पलीकडून प्रश्न आला, “साहेब, डावा हात कुठे उभं राहून?”