कळफलकाचे आयुष्य

लेखनाच्या साधनांविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. हस्तलिखितांचा अभ्यास करणारे पाठचिकित्सक कागदाचा पोत, शाईचा रंग आणि बोरूची धाटणी यांची दखल घेतात; कारण तेथे साधन आणि अक्षर यांचा संबंध डोळ्यांना दिसतो. टंकलिखितापाशी ही आस्था उणावते आणि संगणकापाशी येईपर्यंत ती संपते. संगणकावर सिद्ध झालेल्या मजकुरात लिहिणाऱ्या हाताची कोणतीच खूण उरत नाही, अशी समजूत त्यामागे असावी. छापील पानापुरती ही समजूत खरी आहे. लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिले की मात्र चित्र निराळे दिसते. दर पाच-सात वर्षांनी संगणक बदलणारी आणि तो बदल सहज स्वीकारणारी माणसेही एका वस्तूबाबत विलक्षण हट्टी असतात. ती वस्तू म्हणजे कळफलक. पडदा नवा, आतले यंत्र नवे, पण बोटांखालचा फलक तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा, असा संसार कित्येक लेखकांच्या आणि संगणकतज्ज्ञांच्या मेजावर सुखाने चाललेला आढळतो. या हट्टाचा अर्थ काय, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नाही. तो लेखनव्यवहाराचा आहे, आणि मराठीपुरता तो बराच गंभीर आहे.

या हट्टाचे सर्वांत परिचित उदाहरण आयबीएम या अमेरिकन कंपनीच्या ‘मॉडेल एम’ या कळफलकाचे होय. १९८५ मध्ये आलेला हा १०१ कळांचा फलक दोन किलोंहून अधिक वजनाचा आहे. त्याच्या पोटात पोलादी पत्रा आहे आणि प्रत्येक कळीखाली एक बारीक स्प्रिंग उभी आहे. कळ दाबली की स्प्रिंग थोडी वाकते आणि एका विशिष्ट क्षणी एकाएकी बाजूला झुकते. त्या झुकण्याने तिच्या पायथ्याची लहानशी पट्टी खालच्या पडद्यावर आदळते, खट्ट असा आवाज होतो आणि अक्षराची नोंद होते. दाब, आवाज आणि नोंद या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात. अक्षर उमटले हे पडद्याकडे न पाहता बोटांना कळते. स्वस्त फलकांत स्प्रिंगच्या जागी रबराची वाटी असते. ती दबल्याची जाणीव आणि नोंदीचा क्षण यांचा मेळ नेमका बसत नाही, आणि म्हणून बोट प्रत्येक वेळी तळापर्यंत रेटावे लागते. दिवसभर लिहिणाऱ्याच्या मनगटाला हा फरक संध्याकाळी जाणवतो.

हा फलक ज्या लेक्सिंग्टन शहरात मोठ्या प्रमाणावर तयार होत असे, तेथेच आयबीएमची विजेवर चालणारी टंकलेखनयंत्रेही तयार होत. मॉडेल एमच्या स्पर्शामागे टंकलेखनयंत्राचा संस्कार आहे, आणि टंकलेखनावर हात बसलेल्या पिढीला संगणक परका वाटला नाही याचे एक कारण हा स्पर्श होय. १९९१ मध्ये हे उत्पादन लेक्समार्क या नव्या कंपनीकडे गेले. १९९६ मध्ये ते त्याच शहरातील युनिकॉम्प या छोट्या संस्थेने हाती घेतले. जुन्या फलकाच्या पाठीवर त्याच्या निर्मितीची तारीख छापलेली असते आणि कळांवरील अक्षरे प्लास्टिकच्या पृष्ठभागात मुरवलेली असल्यामुळे ती सहसा पुसली जात नाहीत. एखाद्या फलकाने आपल्या जन्मापासून चार-पाच संगणक जाताना पाहिलेले असतात. त्याच्या धन्याला त्या संगणकांची नावेही आठवत नाहीत. फलकाची तारीख मात्र पाठ असते.

जपानमधील संगणकशास्त्राचे प्राध्यापक एइइती वादा यांनी या आसक्तीला एक समर्पक रूपक दिले. त्यांच्या संकल्पनेतून १९९६ मध्ये ‘हॅपी हॅकिंग कीबोर्ड’ हा साठ कळांचा आटोपशीर फलक बाजारात आला. अमेरिकेच्या माळरानावरचा गुराखी घोडा मेला तर तो तेथेच सोडून देतो, पण खोगीर खांद्यावर टाकून चालू लागतो, याकडे वादांनी लक्ष वेधले. घोडा संपणारा असतो, खोगीर अंगाशी जमलेले असते. संगणक हा घोडा आणि कळफलक हे खोगीर, असे त्यांचे म्हणणे. मराठीत खोगीर या शब्दाला ‘खोगीरभरती’मुळे थोडी अवकळा आली आहे. वादांचे रूपक ती दूर करते. घोडा आणि स्वार यांच्यामध्ये जे असते, त्याला दोघांच्याही अंगाचे वळण ठाऊक असावे लागते.

हे वळण किती खोल जाते याचा दाखला वर्डस्टार या जुन्या लेखनप्रणालीच्या इतिहासात मिळतो. १९७८ मध्ये आलेल्या या प्रणालीत सर्व आज्ञा कंट्रोल ही कळ आणि एखादे अक्षर एकत्र दाबून दिल्या जात. मजकुरात वर-खाली किंवा डावी-उजवीकडे जायचे असले तरी हात अक्षरांच्या ओळींवरून उचलावा लागत नसे. कंट्रोल कळ तेव्हा रोमन ‘ए’च्या लगेच डावीकडे, करंगळीच्या टप्प्यात होती. १०१ कळांच्या नव्या रचनेत ती खालच्या कोपऱ्यात गेली आणि तिच्या जागी मोठी अक्षरे कायम करणारी कॅप्स लॉक ही कळ आली. रचनाकारांच्या दृष्टीने ही दोन कळांची अदलाबदल होती. वर्डस्टारवर लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने वाक्य दुरुस्त करण्याची त्यांची सवयच मोडली. वादांनी आपल्या फलकावर कंट्रोल कळ पुन्हा ‘ए’शेजारी आणली, हा योगायोग नव्हे. जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन कादंबरीकाराने आपण डॉस प्रणालीच्या, इंटरनेटशी न जोडलेल्या संगणकावर वर्डस्टारची चौथी आवृत्ती वापरून लिहितो, असे २०१४ मध्ये जाहीरपणे सांगितले, तेव्हा अनेकांना ते एका लोकप्रिय लेखकाचे विक्षिप्तपण वाटले. वस्तुतः तो हाताच्या स्मृतीचा मान राखण्याचा एक मार्ग होता. मार्टिन यांनी घोडाही जुनाच ठेवला. बहुतेक जण केवळ खोगीर ठेवतात.

केवळ खोगीर ठेवता येते, याला एक तांत्रिक कारण आहे आणि पुढील विवेचनाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. कळफलक संगणकाकडे अक्षर पाठवत नाही. तो कळीचा क्रमांक पाठवतो. १९८१ च्या आयबीएम पीसीवर रोमन ‘ए’ची कळ दाबली की ३० हा क्रमांक जाई आणि कळ सोडली की १५८. या क्रमांकाचे अक्षर करणे हे संगणकाचे काम. १९८४ च्या यंत्राबरोबर हे क्रमांक आणि ते पाठवण्याची रीत बदलली. म्हणून १९८१ चा फलक आजच्या संगणकाला जोडायचा तर मध्ये दुभाष्याचे काम करणारे एक छोटे इलेक्ट्रॉनिक साधन लागते. १९८४ नंतरची रीत मात्र दीर्घकाळ टिकली. १९८७ मध्ये पाच पिनांचे मोठे गोल टोक जाऊन सहा पिनांचे लहान टोक आले, तरी आतली बोली तीच राहिली. १९९६ मध्ये यूएसबी आली, आणि जुन्या बोलीचे नव्या बोलीत रूपांतर करणारे अडॅप्टरही यथाकाल मिळू लागले. उलट दिशेचा प्रवास तुलनेने अवघड असतो. केवळ यूएसबी जाणणारा नवा फलक जुन्या संगणकाला नुसते टोक बदलून जोडता येत नाही. जुन्याने नव्याशी जमवून घ्यावे यासाठी बाजार सोयी करतो. नव्याने जुन्याशी जमवून घ्यावे यासाठी हौशी माणसेच खटपट करतात.

कळीला आपल्यावरचे अक्षर ठाऊक नसते, म्हणूनच अमेरिकेत घडलेल्या फलकावर मराठी लिहिता येते. आणि येथेच मराठी हाताच्या दोन स्मृती समोरासमोर येतात. पहिली स्मृती टंकलेखनयंत्राची. शासकीय परीक्षेसाठी मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची गती कमावलेल्या पिढ्या गावोगावच्या टंकलेखनवर्गांतून बाहेर पडल्या. त्या यंत्रावर अक्षर जसे दिसते तसे घडवावे लागे. ‘किती’ हा शब्द टंकताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. काही अक्षरे अर्धी उमटवून त्यांपुढे काना जोडायचा. हात तेथे चित्रकाराचे काम करी. दुसरी स्मृती इन्स्क्रिप्ट या रचनेची. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ मध्ये मांडली, १९८८ मध्ये सुधारली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे आहेत, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे. ‘क’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’, तिच्या वरच्या ओळीत ‘ग’ आणि शिफ्टसह ‘घ’. त, च, ट, प हे वर्गही असेच वर-खाली रचलेले आहेत. ‘किती’ लिहिताना येथे ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर, म्हणजे उच्चाराचाच क्रम. प्राचीन वैयाकरणांनी मुखातील स्थानांनुसार लावलेली वर्णमाला येथे बोटांच्या स्थानांवर उतरली आहे. व्याकरणाचा असा व्यावहारिक उपयोग विरळा.

टंकलेखनावर बसलेल्या हाताला मात्र ही सुसंगती सुखाची नव्हती. चाळीस शब्दांची गती असलेल्या टंकलेखकाला पुन्हा ‘अ आ इ ई’पासून आरंभ करायला सांगणे म्हणजे त्याची अर्धी मिळकत काढून घेणे होते. म्हणून संगणकावरही टंकलेखनयंत्राचीच रचना देणाऱ्या प्रणाली आल्या आणि छपाईच्या व्यवसायात त्याच रुजल्या. हाताचा हट्ट येथेही जिंकला. त्यात गैर काही नव्हते. गैर घडले ते कळफलकाच्या पलीकडे, अक्षर साठवण्याच्या संकेतात. त्या काळच्या अनेक मराठी फाँटांनी रोमन अक्षरांसाठी राखलेल्या संकेतस्थानांवर देवनागरीचे तुकडे बसवले होते, आणि प्रत्येक निर्मात्याने ते आपापल्या क्रमाने बसवले होते. तो विशिष्ट फाँट असेपर्यंत मजकूर मराठी दिसे; तो नसला की त्याच मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन सडा उरे. ‘इस्की’ हा समान भारतीय संकेत १९९१ मध्ये मानक म्हणून उपलब्ध होता. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. परंतु छापखान्याला त्या दिवशी पान हवे होते, मानक नव्हे. युनिकोडमधील देवनागरी घरोघरच्या संगणकांवर सुलभ होईपर्यंत २००० साल उलटून गेले.

परिणाम असा, की १९८५ चा कळफलक आजच्या संगणकावर बिनतक्रार चालतो, पण त्याच फलकावर १९९५ मध्ये लिहिलेला मराठी लेख आजच्या संगणकावर सहजी वाचता येत नाही. साधन टिकले आणि लेखन निसटले. जे छापून झाले ते कागदावर आहे. परंतु प्रबंधांचे खर्डे, कोशांची टाचणे, पत्रव्यवहार, अप्रकाशित लेखांच्या प्रती हे सारे फ्लॉपीवर किंवा तबकडीवर ज्या रूपात होते, त्या रूपात ते मुके झाले. रूपांतर करणारी साधने आहेत. पण फाँटाचे नाव ठाऊक असेल तरच त्यांचा उपयोग, आणि तरीही जोडाक्षरांत चुका राहतात. एखाद्या दिवंगत लेखकाचे समग्र वाङ्मय सिद्ध करू पाहणाऱ्या संपादकाला मोडीतील दप्तरासाठी मोडीचा जाणकार मिळतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या फाइलीसाठी मात्र कोणाकडे जावे, हे त्याला उमगत नाही.

या दोन आयुष्यांतील तफावतीचे कारण धातूच्या आणि प्लास्टिकच्या दर्जात शोधता येणार नाही. मॉडेल एम भक्कम होता म्हणून टिकला हे अर्धेच सत्य आहे. तो ज्या बोलीत संगणकाशी बोलत होता, ती बोली अनेकांनी स्वीकारली, लिहून ठेवली आणि पुढच्या यंत्रांनी ओळखली, म्हणून तो टिकला. भाषेविषयी विचार करणाऱ्यांना हे नवे नाही. शब्दाला अर्थ असतो तो समाजाने मानलेल्या संकेतामुळे. एकट्याने ठरवलेला संकेत त्या एकट्याबरोबर संपतो. मराठी फाँटांच्या बाबतीत प्रत्येकाने आपापला संकेत केला आणि त्याचे मोल लेखनाने चुकते केले.

आज मराठी लिहिणारा हात पुन्हा बदलला आहे. भ्रमणध्वनीच्या काचेवर कळीला खोली नाही, आवाज असला तर तो नकली असतो. पुष्कळजण रोमन अक्षरांतून उच्चार लिहितात आणि यंत्र त्यांचे देवनागरी करते. या सोयीला नाके मुरडणे योग्य नाही. तिच्यामुळे कित्येक माणसे प्रथमच मराठीत लिहू लागली, आणि त्यांचे लेखन युनिकोडमध्ये असल्याने ते मागच्या पिढीच्या लेखनासारखे मुके होण्याची भीती कमी आहे. मात्र ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतील भेद तेथे रोमन लिपीच्या सोयीने करावा लागतो. आपल्या वर्णांचे स्थान बोटांना ठाऊक असणे आणि ते दुसऱ्या लिपीच्या दारातून मागून घेणे, यांत फरक आहे. इन्स्क्रिप्ट शिकायला थोडे दिवस लागतात. एकदा हाताशी आली की ती कोणत्याही फलकावर, जुन्या वा नव्या, तशीच चालते.

आवडता कळफलक जपणारी माणसे म्हणूनच केवळ जुन्याचे वेडे नाहीत. हाताने कमावलेले ज्ञान यंत्राच्या आयुष्याला बांधलेले नसावे, असा त्यांचा आग्रह आहे. ग्रंथालयांनी हा आग्रह लेखनापर्यंत न्यायला हवा. लेखकांचे कागद स्वीकारताना त्यांच्या फाइलीही स्वीकाराव्यात, आणि प्रत्येक फाइलीसोबत ती कोणत्या प्रणालीत, कोणत्या फाँटात आणि कोणत्या वर्षी लिहिली गेली याची नोंद ठेवावी. ज्यांनी त्या फाइली लिहिल्या किंवा टंकल्या त्यांपैकी बरेच जण अजून हयात आहेत आणि त्यांना ही नावे आठवतात. ते काम पुढच्या दहा-पंधरा वर्षांत झाले नाही, तर नंतर विचारायला कोणी उरणार नाही.