सुरत ते नागपूर, कंबर धरून

सुरतच्या सारोली-कडोदऱ्याकडच्या ट्रान्सपोर्ट गोदामांत दिवस कलला की गाड्या भरायला लागतात. साड्यांची पार्सलं, ड्रेस मटेरियलच्या गाठी, ग्रे कापडाचे ताके. माल वजनाला बेताचा पण फुगीर, म्हणून केबिनच्याही वर जाईल इतका रचायचा आणि मग ताडपत्री ओढून दोरांनी आवळायचा. हे आवळणं एकदा जवळून बघावं. ड्रायव्हर एक पाय बॉडीच्या फळीला लावतो, दोर मनगटाभोवती गुंडाळतो, अख्खं अंग मागे टाकतो आणि कमरेतून हिसका देतो. क्लीनर खालच्या हुकात गाठ मारेपर्यंत तसाच तिरका ताणून उभा राहतो. मग पुढचा हुक, मग त्याच्या पुढचा, मग गाडीची दुसरी बाजू. आता कित्येक गाड्यांवर क्लीनरच नसतो. हिसकाही ड्रायव्हरनेच द्यायचा आणि गाठही त्यानेच मारायची. त्यानंतर घामेजल्या अंगाने केबिनमध्ये चढायचं ते थेट नवापूर ओलांडेपर्यंत न उतरण्यासाठी.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान हे काम तरुणपणापासून करत आलेत. दाजी मूळचे पारोळ्याकडचे, राहायला लिंबायतला. उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात खानदेशातून आलेली इतकी घरं आहेत, की रस्त्यात कुणी कमरेवर हात ठेवून थांबला तर "काय व्हयनं रे भो?" असं विचारणारा लगेच भेटतो. कुणी लूमवर, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी स्टिअरिंगवर. लूमवाल्याची कंबर उभं राहून जाते, ड्रायव्हरची बसून.

दाजींचं दुखणं डाव्या अंगाचं. कमरेतून निघायचं, कुल्ल्यातून मांडीच्या मागून उतरत पोटरीपर्यंत चमक जायची. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. घरातल्या फडताळात या दुखण्याचा सगळा संसार मांडलेला: मलमं, डायक्लोफेनॅकच्या गोळ्यांच्या पट्ट्या, कमरेचा बेल्ट, तेलाच्या बाटल्या, एमआरआयचा मोठा लिफाफा. ताई मला म्हणाली, "तू जगावर लिहितोस, एकदा यांच्या शेजारी बसून नागपूरपर्यंत जाऊन ये. डॉक्टरांसमोर हे 'दुखतं' याच्यापुढे एक शब्द बोलत नाहीत. गाडीत नक्की काय करतात ते बघ तरी."

गेलो. सातशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता, आणि क्लीनरच्या सीटवर मी.

सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये देशातल्या ट्रक ड्रायव्हरांची पाहणी प्रसिद्ध केली होती. ड्रायव्हर दिवसाला सरासरी बारा तासांच्या आसपास गाडी चालवतात, आणि थकवा, निद्रानाश, पाठदुखी, सांधेदुखी अशी काही ना काही तक्रार निम्म्याहून अधिक जणांना आहे, असं त्यात आढळलं. आकडा वाचताना माणूस मान हलवतो आणि पान उलटतो. केबिनमध्ये बारा तास म्हणजे काय, ते मला व्याऱ्याच्या आतच कळायला लागलं. माझी कंबर धडधाकट, तरी सोनगढ येईपर्यंत मी चार प्रकारे बसून पाहिलं होतं. दाजी एकाच प्रकारे बसले होते: पाठ टेकण्यापासून सुटलेली, खांदे स्टिअरिंगवर ओणवलेले, पँटच्या मागच्या खिशात भाड्याच्या पैशांचं आणि कागदांचं जाडजूड पाकीट. एका कुल्ल्याखाली दीड-दोन इंचांची उंची घेऊन हा माणूस वर्षानुवर्षं तिरका बसत आलाय, हे कोणत्याही एमआरआयमध्ये दिसलं नसतं.

नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं गुजरातेत आणि निम्मं महाराष्ट्रात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ड्रायव्हरांना नवापूर आठवतं ते नाक्यासाठी. पूर्वी इथे रांगा लागायच्या. कागदं घेऊन उतरायचं, खिडकीपाशी ताटकळायचं, चहा घ्यायचा, वाद घालायचा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. फेब्रुवारी २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला. गाडी आता सरकत सरकत निघून जाते. देशाच्या दृष्टीने हे उत्तमच झालं; डिझेल वाचलं, वेळ वाचला. पण तो वाचलेला वेळ ड्रायव्हरच्या वाट्याला आला नाही, तो पुढच्या खेपेत गेला. "नाक्यावर शिव्या घालायचो आम्ही," दाजी म्हणाले, "पण दोन घटका पाय मोकळे व्हायचे." आता मालकाच्या मोबाइलवर गाडी ठिपक्यासारखी दिसते. ठिपका जरा जास्त थांबला की फोन येतो.

विसरवाडी सोडल्यावर कोंडाईबारी घाट लागला. दुसरा गिअर, पहिला, अर्धा क्लच, पुढच्या कंटेनरचे लाल दिवे. दाजींचा डावा गुडघा सारखा वर-खाली होत होता आणि दर दाबाला ओठ आवळले जात होते. या घाटात मला सीटचा स्वभाव कळला. खड्डा आला की सीट एकदा उसळायची आणि मग आणखी तीन-चारदा आपल्याच नादात डोलत राहायची. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या हेलकाव्यांना सगळ्यांत जास्त साथ देतो, आणि भरलेल्या ट्रकची थरथर बरीचशी त्याच टापूतली असते. युरोपीय संघाने २००२ मध्ये यासाठी कायदेशीर मर्यादा घातली. आठ तासांच्या कामात अंगाला बसणारं कंपन ०.५ मीटर प्रतिसेकंद वर्गाच्या वर गेलं की मालकाने उपाय करायला हवेत, आणि १.१५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. आपल्याकडे हे मोजायचं यंत्र घेऊन केबिनमध्ये चढलेला माणूस दाजींना अजून भेटलेला नाही.

साक्रीच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा बॅटरी घेऊन सीटखाली डोकावलो. तिथे एक नॉब होता. ड्रायव्हरच्या वजनाप्रमाणे सीटची स्प्रिंग घट्ट-सैल करण्यासाठी तो दिलेला असतो. त्यावर ग्रीस आणि धुळीचा थर बसून दगड झाला होता. गाडी दाजींच्या ताब्यात आल्यापासून तो कुणी फिरवलेला नव्हता. आधीचा ड्रायव्हर अंगाने किरकोळ होता म्हणे. दाजींचं वजन नव्वदच्या घरातलं. म्हणजे स्प्रिंग पार खाली बसलेली, आणि मोठ्या खड्ड्याला सीट थेट लोखंडावर आदळणार. पान्याने तो नॉब सोडवायला जो वेळ गेला, तेवढ्यात मालकाचा पहिला फोन येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या पुढे रस्ता एकदम आरशासारखा झाला. अकोला-अमरावती दरम्यानचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनेस बुकात नाव लागलं, तो हा भाग. खड्डा नाही, हिसका नाही. मला वाटलं, आता दाजींना आराम. झालं उलटंच. मूर्तिजापूर मागे पडल्यावर त्यांची चमक घाटातल्यापेक्षा वाढली. खड्ड्यांच्या रस्त्यावर माणूस निदान सावरतो, हलतो, कूस बदलतो. गुळगुळीत रस्त्यावर तो पोक काढून तसाच थिजतो.

पोक काढून बसण्याची किंमत मोजण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये झाले. आल्फ नाकेमसन या अस्थिशल्यविशारदाने जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. उभं असताना तो १०० धरला, तर पुढे झुकून बसल्यावर १८५ च्या आसपास. हा तक्ता आजही फिजिओथेरपीच्या भिंतींवर लटकलेला दिसतो. १९९९ मध्ये जर्मनीत एका माणसाच्या कण्यात पुन्हा मोजमाप झालं, तेव्हा बसण्याचा आकडा इतका वाईट निघाला नाही. मात्र पाठ वाकवून २० किलो उचलताना दाब उभं राहण्याच्या चौपटीहूनही वर गेला. माझ्या मते ट्रकवाल्यासाठी हाच आकडा महत्त्वाचा. तासन्तास वाकून बसल्यावर कण्यामागचे बंध काही काळ सैलावलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी गाडी गोदामाला लागते. ड्रायव्हर केबिनमधून धपकन उडी मारतो, फाळका पाडतो आणि हमाल कमी असले तर पार्सलाला हात लावतो. दाजींची कंबर आजवर ज्या-ज्या वेळी धरली, ती अशीच माल उतरवताना धरली होती. चालवताना एकदाही नाही. हे त्यांनी मला बडनेऱ्याच्या आसपास, विचारल्यावर सांगितलं. दवाखान्यात कुणी विचारलं नव्हतं.

परत आल्यावर त्यांना सुरतच्या नव्या सिव्हिल हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात नेलं. तिथल्या तरुण मॅडमनी लिफाफा बाजूला ठेवला आणि आधी दाजींना पुढे वाकायला लावलं, मग मागे. पुढे वाकल्यावर चमक पोटरीत उतरायची. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलली की ती हळूहळू वर सरकून कमरेत येऊन थांबायची. "कमरेत दुखलं तरी चालेल काका, पायातलं कमी झालं पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

या युक्तीचा जन्म गमतीशीर आहे. १९५६ मध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टने एका रुग्णाला आत जाऊन पालथं झोपायला सांगितलं. आधीच्या रुग्णासाठी टेबलाची डोक्याकडची बाजू उचललेली होती, ती तशीच राहिली होती. हा बिचारा त्यावरच पालथा पडला, पाठ मागे चांगलीच वाकलेली. काही मिनिटांनी मॅकेन्झी आत आला आणि हे बघून घाबरला, तर रुग्ण म्हणाला, पायातलं दुखणं गेलं. सगळ्यांना हा व्यायाम लागू पडत नाही. काहींना मागे वाकल्याने त्रास वाढतो. म्हणून एकदा तपासून घेतलेलं बरं.

बेल्ट मात्र नको, असं मॅडमनी स्पष्टच सांगितलं, आणि त्यांच्या बाजूने मोठी साक्ष आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. त्यात व्यायाम, हालचाल आणि दुखण्याची समज यांवर भर आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ताणणं सरसकट नको, असं म्हटलंय. एमआरआयचंही असंच. चकती फुगलेली दिसली की घरात रडारड होते, पण कसलंच दुखणं नसलेल्या पन्नाशीतल्या माणसांचे फोटो काढले तरी बहुतेकांत झीज सापडते. मात्र लघवी अडली किंवा नकळत झाली, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर पडली, पाऊल उचलेनासं झालं, तर गाडी आहे तिथे उभी करून मोठं हॉस्पिटल गाठायचं. त्यात तासांचा हिशेब असतो.

गोळ्यांचं प्रकरण मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं. वाटेत थांबावं लागू नये म्हणून ड्रायव्हर पाणी कमी पितात, आणि वर डायक्लोफेनॅक घेतात. उन्हाळ्यात कोरड्या अंगावर ही गोळी रोज पडली की मूत्रपिंडाला सोसत नाही. दाजींनी आता पाच लिटरचा कॅन केबिनमध्ये ठेवलाय. पाणी प्यायलं की उतरावं लागतं, हा त्यातला दुसरा फायदा.

उतरण्याची सोय तशी कायद्यातही होती. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला परवानगीने फार तर दहा, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवली. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यालाच होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे चालवणारा ड्रायव्हर कायद्याच्या दारातच उभा राहायचा.

दाजींनी स्वतःचा रस्ता काढला. टायरची हवा बघायला टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन गाडीभोवती फिरणं ही ड्रायव्हरची जुनी रीत. चाकागणिक टॉमी आपटायची आणि आवाज ऐकायचा. पूर्वी ते सकाळ-संध्याकाळ करायचे, आता दर दोन तासांनी करतात. फोन आला की सांगतात, "शेठ, टायर बघतोय." टायर फुटण्याची भीती मालकाला कमरेपेक्षा जास्त, त्यामुळे पुढे प्रश्न येत नाही. पूर्ण फेरी मारायची, कमरेवर हात ठेवून दहादा मागे झुकायचं, मग चढायचं. पाकीट डॅशबोर्डवर. टॉवेलची गुंडाळी कमरेच्या खोलगट भागात. सीट पुढे घेतलेली, म्हणजे क्लच पूर्ण दाबताना कुल्ला सरकत नाही. उतरताना तोंड केबिनकडे करून, हँडल धरून, पायरी-पायरीने. आणि नागपूरला वाडीच्या गोदामात गाडी लागली की वीस मिनिटं नुसतं चालायचं, त्याशिवाय फाळक्याला हात नाही. यावरून तिथल्या मुकादमाशी दोनदा वाजलं. आता तो आधी चहा पाजतो.

दुखणं गेलेलं नाही. घाटात अजून चमकतं, पण ते कमरेत. पोटरी बरीच शांत आहे. ताडपत्रीच्या दोरांना मात्र अजून उत्तर सापडलेलं नाही. भाचा सुट्टी असली की मदतीला जातो, एरवी हिसके दाजींचेच.

सध्या मालक नवी गाडी घ्यायच्या विचारात आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे, तेव्हा एसी आपोआप मिळणार. शोरूममध्ये मालक दाजींना सोबत घेऊन गेला होता. सेल्समन एसीच्या झडपा दाखवत होता, तेव्हा दाजी सीटवर बसून खाली हात घालून नॉब शोधत होते. एअर सस्पेन्शनची सीट हवी तर किती जादा पडतील, हे त्यांनी दोनदा विचारलं. मालकाने आकडा ऐकून घेतला आणि "बघू" म्हणाला. बोलणी अजून तिथेच आहेत.