काखेतला राखणदार

चोर्ला घाट चढून बेळगाव आणि तिथून हमरस्त्याने निपाणी, ही आमची मावशीच्या घरची वाट. तंबाखूचा वास नाकात शिरला की निपाणी आली, हे लहानपणी आम्ही डोळे मिटून सांगायचो.

मावशी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू. मजुरी हजार विड्यांवर, म्हणजे बोटे हेच भांडवल. १९९८ साली तिला उजव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. स्तनाबरोबर काखेतल्या ग्रंथीही सरसकट काढल्या. त्या काळची रीतच ती. मावशी वाचली, पण वर्षभरात हात सुजून खांबासारखा झाला. बांगड्या कापून काढाव्या लागल्या. सूप कोपऱ्यात गेले ते कायमचे. "जीव ऱ्हायला न्हवं? मग झालं," म्हणायची. पण दारात कासार आला की उठून आत जायची.

गेल्या वर्षी तिच्या मुलीलाही तेच दुखणे निघाले. ही शिवणकाम करते. बेळगावच्या दवाखान्यात मी सोबत होते. तिने एकच विचारले, "डॉक्टर, माझा हात ऱ्हाईल न्हवं?"

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितले. स्तनातला कॅन्सर काखेकडे निघाला की बहुधा आधी एकदोन ठरावीक ग्रंथींत पोचतो. स्तनात निळा रंग टोचला की तोही त्याच वाटेने जातो. निळ्या झालेल्या तेवढ्याच ग्रंथी काढून तपासायच्या. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात. मला आमच्या गावच्या शिवेवरचा राखणदार आठवला. परका कोणी गावात शिरला का, ते आधी त्यालाच ठाऊक!

घरी आल्यावर मी वाचत बसले. सगळ्या ग्रंथी काढल्या तर साधारण पाचांतल्या एकीचा हात सुजतो, राखणदारच तेवढा काढला तर विसांतल्या एखादीचा. मात्र कॅन्सर आधीच काखेत पोचलेला असेल तर ही सवलत सगळ्यांना मिळतेच असे नाही. म्हणून लवकर दाखवायचे. काही ठिकाणी रंगाबरोबर किरणोत्सारी औषधही वापरतात. ती सोय सगळीकडे नसते, म्हणून मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. वाणी परमार, डॉ. राजेंद्र बडवे यांनी काखेच्या खालच्या भागातल्याच ग्रंथी काढून तपासण्याची पद्धत पारखली आणि २०१३ साली तिचे निष्कर्ष मांडले.

एका तारखेपाशी मात्र मी अडखळले. स्तनाच्या कॅन्सरसाठी निळ्या रंगाची पद्धत अमेरिकेत डॉ. ज्युलियानो यांनी मांडली ती १९९४ साली. मावशीच्या ऑपरेशनच्या चार वर्षे आधी! राग कुणावर धरायचा? नवी गोष्ट पारखून सिद्ध व्हायला वेळ लागतो. तोवर कुणाचा तरी हात जातो.

बहिणीच्या दोन ग्रंथी काढल्या. दोन्ही स्वच्छ. लघवी निळी-हिरवी झाली तेव्हा घाबरली होती, मग स्वतःच हसली.

दिवाळीला निपाणीला गेले. मावशीने लेकीचा हात मांडीवर घेतला, मनगट दाबून पाहिले, बांगड्या वरखाली सरकवल्या.

"सैल हाईत," म्हणाली.