कुलूप शाबूत, कोयंडा उखडलेला

१२ जुलै २०२५, शनिवार
दुपारी गोदामाच्या व्यवस्थापकांचा फोन आला, "ताई, तुमच्या खोलीचं दार उघडं दिसतंय." मुलुंडची आमची इमारत पुनर्विकासाला गेल्यापासून निम्मं घर भिवंडीच्या त्या भाड्याच्या खोलीत आहे. भर पावसात पोचले. कुलूप बंदच होतं! कोयंड्यासकट दारावर लोंबत होतं. पहारीनं स्क्रूच उपटले होते.

आत पाऊल टाकण्याआधी दाराचे, फळीतल्या भोकांचे फोटो काढले. "नवं कुलूप घाला आणि सोडून द्या, पोलिसांच्या भानगडीत कशाला पडता?" व्यवस्थापक म्हणाले. मला ते मुळीच पटलं नाही.

१३ जुलै
पोलिस ठाण्यात बराच वेळ गेला. आईचा तांब्याचा बंब, घंगाळ आणि पितळी समया गेल्या, म्हणजे भंगारात किलोवर विकलं जाईल तेवढंच नेलं. बाबांच्या पुस्तकांना हात लागलेला नाही. बंबावर आईचं नाव आणि तिच्या लग्नाचं साल कोरलेलं आहे. तक्रारीत ते अक्षरन् अक्षर लिहून घ्यायला लावलं. बंब कुठे सापडलाच तर तीच ओळख. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये राहत्या घराबरोबर माल ठेवण्याच्या इमारतीतली चोरीही येते. गुन्हा त्याखालीच नोंदवला. एफआयआरची प्रत मागून घेतली. तक्रारदाराला ती फुकट मिळते, तो हक्कच आहे.

रात्री झोप नाही. त्या बंबातल्या पाण्यानं आम्ही सगळी भावंडं न्हालो आहोत.

१५ जुलै
सुतारकाका आले. जुना कोयंडा हातात घेऊन म्हणाले, "कुलूप भारी, पण धरून ठेवलं होतं अर्ध्या इंचाच्या स्क्रूंनी." गोदरेज १८९७ पासून मुंबईत कुलपं करतात, कुलूप सुधारत गेलं, आपण कोयंडा मात्र अजून सर्वांत स्वस्त तोच घेतो. काकांनी जाड पोलादी कोयंडा बसवला. बोल्ट दारातून आरपार, आतून वॉशर आणि नट. बाहेर बोल्टांची गोल, गुळगुळीत डोकी, त्यांवर पाना बसत नाही. शिवाय दुमडणारी पट्टी मिटली की बोल्ट तिच्याखाली झाकले जातात.

तुमचंही सामान असं कुठे ठेवलेलं असेल, तर कुलूप लावून एकदा कोयंड्याकडे बघा. स्क्रूचं एक जरी डोकं बाहेरून दिसत असेल, तर कोयंडा आजच बदलून घ्या.