चिमूटभर कमीच बरे!

आमची दिघोरी धानाच्या मुलखातली. ताटात भात-वरण, तोंडी लावायला लोणचे-पापड. चाळिशीनंतर मात्र मिठाचा हात आवरायला हवा, हे आमच्या जाऊबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा घराला पटले. रक्तदाब वाढला होता. पण काही दुखेना, म्हणून कुणी मोजलाच नाही. हा दाब हृदयाला थकवतो, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडवतो. उतारवयातल्या स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढवतो. दिवसाला माणशी ५ ग्रॅमहून, म्हणजे लहान चमचाभराहून, कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे-पापडातले मीठही त्यातच धरायचे! आता आमच्याकडे भातात मीठ नाही. लोणच्याऐवजी लसूण घातलेली, बेताच्या मिठाची जवसाची चटणी. जवसातले तेल हृदयाला चांगले. 'अळणी लागतं,' म्हणून हे कुरकुरतात, पण जेवतात. आणि मैत्रिणींनो, ह्यांचा रक्तदाब मोजायला जाल, तेव्हा आपलाही हात पुढे करा. आपलंच नेमकं राहून जातं!