मोडून बघा ना ताई!

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतला जाऊन कुणी हळद घेतली नसेल, तर त्यानं आधी जाऊन घ्यावी, बाकीचं नंतर! पाकिटातली हळद वापरतच माझं आयुष्य गेलेलं. तिथल्या बचत गटाच्या बायकांच्या एका खोलीच्या दुकानात शिरले आणि पहिल्यांदाच कळलं, नुसत्या मांडणीनंसुद्धा गिऱ्हाईक किती जागं होतं ते.

दारातच तोंड उघडं असलेली पोती, सहज हात घालता येईल अशी. एकात हळकुंडं, दुसऱ्यात गोल गड्डे. चक्की आतल्या खोलीत नाही, पडद्याआड नाही, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर! "मोडून बघा ना ताई," गल्ल्यावरची बाई म्हणाली. मोडलं. कट्‌! कोरडा, खणखणीत आवाज, आणि आत असा गर्द केशरी रंग की बघतच राहिले. मग मी निवडलेली हळकुंडं तिनं समोरच दळली, गरम गरम हळद तळहातावर ठेवली. काय तो वास! इथे भेसळ शिरणार तरी कुठून?

मग माझे प्रश्न थांबेचनात. वाण कोणतं? सेलम. पीक निघतं कधी? उन्हाळ्याच्या तोंडाशी. मग शिजवायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, ड्रममध्ये घोळवून पॉलिश करायची. पाच किलो ओली हळद वाळली की हातात येते जेमतेम किलोभर! हे सांगणारी स्वतः शेतात वाकलेली, कढईपाशी उभी राहिलेली. तिच्यासमोर घासाघीस करायला जीभच रेटेना.

2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तो मान मोठाच. पण गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो तो अशा दुकानात. आणि भेसळीचं म्हणाल, तर बांगलादेशात पिवळेपणासाठी हळदीत शिशाचं विषारी रंगद्रव्य मिसळत. 2019 मध्ये तिथल्या सरकारनं थेट बाजारच हाती घेतला: पत्रकं वाटली, यंत्रानं जागेवरच हळद तपासली, दंड केले. 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं, 2021 मध्ये एकाही नाही! बाजार बदलता येतो, खरंच येतो!

म्हणून म्हणते, याच जिल्ह्यात औंढा नागनाथला दर्शनाला येणाऱ्यांच्या वाटेवर, नर्सीला नामदेवांच्या जन्मगावी, अशी दुकानं हवीतच. पोत्यावर गावाचं नाव आणि काढणीचा महिना खडूनं लिहिलेला, चक्की दर्शनी भागात, आणि गल्ल्यावर हळद पिकवणारी बाई.